मदत हवी आहे: शुगरच्या गोळ्या स्वस्तात कुठं मिळतील?

मंडळी, आम्ही खानापूरचे. बाबांना एम्पाग्लिफ्लोझिन २५ आणि लिनाग्लिप्टिन ५ एकत्र असलेली गोळी रोज एक चालू आहे, महिन्याला दीड हजाराच्या वर जातात. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि जेनेरिक बरीच स्वस्त झाली हे माहीत आहे, पण इथले दोन मेडिकलवाले म्हणतात चिठ्ठीवर आहे त्याच कंपनीची देणार. डॉक्टरांना विचारलं, कंपनी बदलायला त्यांची हरकत नाही, चिठ्ठीवर कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून देतो म्हणाले, डोस मात्र तोच हवा. ऑनलाइन नको, बाबांना पटत नाही (आणि पटवायचं म्हणजे दुसरी शुगर!). इन्शुरन्स नाही. बेळगावात कुठल्या जनऔषधी केंद्रात ही जोडगोळी कायम मिळते का, की दोन्ही वेगवेगळ्या घेतलेल्या स्वस्त पडतील?