थंड पाणी आणि उष्ण समुद्र, दोन्हीकडे एकच बीसीडी चालेल का?

शिंपला:
नमस्कार मंडळी, इथे डायव्हिंग करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आत्तापर्यंत भाड्याच्या जॅकेटवरच भागवलं, आता स्वतःची बीसीडी (हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं सांभाळायचं, सिलिंडर पाठीवर धरणारं साधन) घ्यायचीय. अडचण अशी की माझं डायव्हिंग दोन टोकांचं आहे. एरवी पाणी ६ ते ८ डिग्री, ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा, आत हवा भरायचा सूट), आत जाड अंडरसूट, १२ लिटरचं स्टीलचं सिलिंडर, जाड हातमोजे. आणि सुट्टीत २८ डिग्रीचं पाणी, ३ मिमीचा वेटसूट, अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर, शिवाय सगळं विमानाच्या सामानात बसायला हवं. ज्याला विचारावं तो म्हणतो थंड पाण्यासाठी जास्तीत जास्त लिफ्टची (उचलीची) घे, मग कुठेही चालेल. मला हे काही पटत नाहीये पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही. जॅकेट घेऊ का बॅकप्लेट-विंग (पट्ट्यांच्या हार्नेसला पाठीवर धातूची प्लेट आणि तिच्यामागे हवेची पिशवी)? एक का दोन? जाणकारांनी सांगा प्लीज.

अथांग:
नाही पटलं ते बरंच झालं. लिफ्ट जास्त म्हणजे सेफ्टी जास्त असं अजिबात नसतं. गरजेपेक्षा मोठी विंग असली की रिकामं कापड सिलिंडरच्या दोन्ही बाजूंनी वर वळतं, हवा त्या घडीत अडकून बसते आणि वर येताना सोडायची म्हटलं तर पटकन सुटत नाही, जिथे ती सुटायला हवी नेमकं तिथेच.

त्यापेक्षा हिशोब करा, अवघड नाहीये. बीसीडीला दोनच कामं असतात. पहिलं, पाण्याखाली तुम्ही जास्तीत जास्त जेवढ्या जड व्हाल तेवढं पेलणं. दुसरं, वर आल्यावर तुम्ही किट काढलंत तर ते एकटं तरंगणं.

उष्ण पाण्याचं बघू. नेहमीचं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर ११ लिटरचं, २०० बारला त्यात साधारण २२०० लिटर हवा, लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास धरली तर पावणेतीन किलोच्या जवळपास. शिसं (बुडायला लावायचं वजन) आपण सिलिंडर संपत आलेलं असताना ५ मीटरवर स्थिर राहता यावं एवढं लावतो, म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला ही हवा हेच जास्तीचं वजन. त्यात खाली गेल्यावर ३ मिमीचा सूट दबतो, त्याचे किलो-दोन किलो धरा. झाले साडेचार-पाच किलो! ८-९ किलो लिफ्टची विंगसुद्धा इथे भरपूर होते.

आता थंड पाणी. १२ लिटर सिलिंडरमधली हवा तीन किलोच्या आत-बाहेर. ड्रायसूट खाली जाताना दबतो पण त्यात तुम्ही हवा भरत जाता, त्यामुळे सगळं नीट चालू असेल तर विंगवर फार भार येत नाही. प्रश्न येतो सूट फुटला तर. मानेचं सील फाटलं, पाणी आत शिरलं. आत शिरलेलं पाणी तुम्हाला पाण्यात खाली ओढत नाही (बाहेर निघताना शिडीवर मात्र जाम जड लागतं), पण त्या पाण्याने जी हवा बाहेर काढली तिची उचल गेली. जाड अंडरसूट असेल तर ती ८-१० किलो असू शकते. म्हणजे ३ अधिक १०, तेरा. १३-१४ किलोची, म्हणजे लेबलवर ३० पाउंड लिहिलेली विंग तुमच्या दोन्ही टोकांना पुरते. काही लेबलांवर न्यूटन असतात, १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो.

दुसऱ्या कामात मात्र लोक हमखास फसतात. ड्रायसूटला लागणारं सगळं शिसं किटवरच लावलं तर भरलेलं स्टील सिलिंडर, प्लेट, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारं यंत्र) आणि वर १० किलो शिसं, हे सगळं मिळून १७-१८ किलोपर्यंत जातं. मग ३० पाउंडची विंग पुरी फुगवली तरी किट सोडल्या सोडल्या तळाला जाणार. इथे मोठी विंग घेणं हा उपाय नाही. निम्मं शिसं कमरेच्या पट्ट्यावर घ्या. किट हलकं होतं, गरज पडली तर पट्टा सोडता येतो, आणि किट काढलं तरी ड्रायसूटच्या हवेने तुम्ही एकदम वर फेकल्या जात नाही.

लाटेवरची:
अथांग यांच्याशी सहमत, फक्त एक वेगळं मत मांडते. जॅकेट म्हटलं की सगळे नाकं मुरडतात पण पृष्ठभागावर बोटीची वाट बघत बसायचं असेल तर जॅकेट फार आरामाचं पडतं, छातीपाशी हवा असल्याने डोकं आपोआप वर राहतं. पाठीवरची विंग जास्त फुगवली तर पुढे ढकलते, तेव्हा थोडं मागे रेलायची सवय लावावी लागते आणि ती लागते. जॅकेटची खरी अडचण मला साइझची वाटते. जाड अंडरसूटवर बसेल असं घेतलं तर ३ मिमीच्या सूटवर ते अंगावर गोल फिरतं, पट्टे पूर्ण ओढले तरी सिलिंडर पाठीवर डुलतं. म्हणजे जॅकेटच हवं असेल तर दोन घ्यावी लागतात. शिवाय त्यातलं पॅडिंग स्वतःच तरंगतं, ते बुडवायला पुन्हा वेगळं शिसं.

शिंपला:
बापरे, इतकं सविस्तर! खूप आभार दोघांचे. म्हणजे हार्नेस आणि ३० पाउंडची विंग हे जवळपास नक्की झालं. पण प्लेट कुठली, स्टील का अ‍ॅल्युमिनियम? आणि हार्नेसचा अखंड पट्टा प्रत्येक वेळी नव्याने लावत बसायचा का?

अथांग:
शक्य असेल तर दोन्ही प्लेट, तेवढ्यासाठी दोन बीसीडी घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. स्टीलची प्लेट अडीच-तीन किलोची असते, थंड पाण्यात तेवढं शिसं कमी लागतं आणि ते वजन बरोबर पाठीवर, फुप्फुसांच्या वर येतं, त्यामुळे पाय खाली पडत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची किलोभराच्या आसपास, ती प्रवासाला. रिकामं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर दीड-दोन किलोने वर ओढतं हे विसरू नका, दोन-चार किलो शिसं तिथे लागेलच, ते तिथेच मिळतं, बॅगेत नेऊ नका.

एक जोडी मात्र टाळा. पातळ सूट, स्टील प्लेट आणि स्टील सिलिंडर. शिसं शून्य लावूनही जड व्हाल आणि विंग फाटली तर टाकून द्यायला अंगावर काहीच नसेल. भरलेल्या सिलिंडरनिशी, विंग रिकामी ठेवून, नुसते पाय मारून वर येता आलं पाहिजे. उथळ पाण्यात, सोबत कोणीतरी असताना करून बघा.

पट्ट्याचं म्हणाल तर ड्रायसूट घालून एकदाच नीट लावा. खांद्याच्या पट्ट्याखालून पालथा हात सहज गेला पाहिजे, आणि पाठीमागचा सिलिंडरचा व्हॉल्व्ह बोटांना लागला पाहिजे. पट्टा कडक ओढला तर अंडरसूट दबतो आणि हात मागे जातच नाही. मग ट्रायग्लाइडच्या (पट्ट्याची लांबी धरून ठेवणाऱ्या बकलाच्या) दोन्ही जागांवर पट्ट्याला पांढऱ्या दोऱ्याने एकेक टाका घालून ठेवा, एक जाड सूटचा, एक पातळ सूटचा. बदलायला पाच मिनिटं लागतात.

हिमजल:
उशिरा आलो धाग्यावर. लिफ्टचं सगळं बोलून झालंय पण ६ डिग्रीला खरा त्रास देतात ते हात. विंग घ्यायच्या आधी हातमोजे घालूनच ती हाताळा. डम्प व्हॉल्व्हच्या (विंगमधली हवा सोडायच्या झडपेच्या) दोरीच्या टोकाला मोठा गोळा आहे का, का शेंगदाण्याएवढा मणी? इन्फ्लेटरची (विंगमध्ये हवा भरायच्या-सोडायच्या तोंडाची) दोन बटणं मोज्यातून वेगळी कळतात का? नसतील कळत तर इन्फ्लेटर बदलून मिळतो, विंग बदलायची गरज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लो प्रेशर होसचं (रेग्युलेटरकडून इन्फ्लेटरला हवा आणणाऱ्या नळीचं) कपलिंग, म्हणजे जोड. थंडीत इन्फ्लेटर गोठून उघडा राहू शकतो आणि विंग आपली आपण फुगत जाते. तेव्हा एका हाताने डम्पची दोरी ओढून हवा सोडायची आणि दुसऱ्याने कपलिंगची सरकती कॉलर मागे खेचून होस काढायची. बारीक गुळगुळीत कॉलर जाड मोज्यातून निसटते, खाचा असलेली मोठी घ्या. बटण दाबून धरू नका, थोडी थोडी हवा टाका, एकदम भरपूर हवा सुटली की ती अजून गार होते आणि तिथेच बर्फ धरतो. डाइव्हच्या आधी बाहेरच्या गार हवेत बटणं उगाच दाबून बघत बसू नका.

ड्रायसूट असला तरी तरंगण्याचं काम विंगलाच द्या असं माझं स्पष्ट मत आहे. सूटमध्ये चिमटे बसणार नाहीत आणि ऊब राहील एवढीच हवा. जास्त टाकली की वर येताना ती पायात धावते.

लाटेवरची:
+१, कपलिंगचं फार महत्त्वाचं. सुट्टीवरून परत आलीस की विंग आतून गोड्या पाण्याने धू गं, इन्फ्लेटरच्या तोंडातून पाणी भर, हलव, खालच्या डम्पमधून काढ, आणि थोडी फुगवून सावलीत वाळव. आत मीठ राहिलं की त्याचे खडे व्हॉल्व्हच्या सीलवर बसतात आणि ती गळायला लागते.

शिंपला:
सगळं लिहून घेतलं. हातमोजे बॅगेत टाकलेत, शनिवारी विंग बघायला जातेय. हिमजल, कॉलरला खाचा असलेली होस माझ्या आत्ताच्या रेग्युलेटरला चालेल का?

हिमजल:
रेग्युलेटरच्या बाजूला सहसा काही अडत नाही, लो प्रेशर पोर्टचा आटा बहुतेक सगळीकडे सारखाच असतो. इन्फ्लेटरच्या बाजूचं तोंड मात्र एकच एक नसतं, म्हणून विंगचा इन्फ्लेटर आणि होस दोन्ही हातात घेऊन, मोजे घालून, तिथेच दहा-बारा वेळा जोडून काढून बघा.