भाषणांसाठी जमवलेलं वेळेवर सापडत नाही. संग्रह कसा लावावा?

प्रश्न
शाळेत आणि गावातल्या कार्यक्रमांत वर्षाला दहा-बारा वेळा बोलायचं असतं. कात्रणं, वहीतली अवतरणं, फोनमधले पानांचे फोटो असं बरंच साठलंय, पण ऐन वेळी हवं ते मिळत नाही. मिळालं तर मूळ कुठलं ते कळत नाही. वही, कार्डं की फोन?

उत्तर १
कार्डं. वहीत मजकूर टिपल्याच्या क्रमाने बसतो आणि भाषणाला लागतो विषयाच्या क्रमाने, तिथेच सगळं अडतं. ५ बाय ३ इंची कार्ड घ्या, एकावर एकच गोष्ट. वर विषय, मध्ये मजकूर, खाली लेखक, पुस्तक, आवृत्ती, पान. मागची बाजू कोरी ठेवा. कुठे, कधी, कोणापुढे वापरलं ते तिथे लिहायचं. त्याच मंडळाने दोन वर्षांनी पुन्हा बोलावलं की ही बाजू आधी बघायची.

विषयासोबत त्या मजकुराचं कामही लिहा: सुरुवात, दाखला, आकडा की शेवट. नुसत्या ‘शिक्षण’खाली साठ कार्डं निघतात आणि ती चाळण्यातच संध्याकाळ जाते. ‘शिक्षण, सुरुवात’ची चार-पाचच निघतील. वारकरी कीर्तनात निरूपणाच्या मुद्द्याला आधार म्हणून दुसरा अभंग किंवा ओवी घेतात, तिला प्रमाण म्हणतात. कार्ड करताना तोच प्रश्न विचारावा: हे कशाला प्रमाण आहे? उत्तर सुचलं नाही तर मजकूर कितीही सुंदर असो, कार्ड करू नका.

उत्तर २
वरच्यात भर. व्हॉट्सॲपवर आलेलं वाक्य मूळ सापडेपर्यंत कार्डावर चढवूच नये. थोरांच्या नावावर काहीही फिरत असतं, आणि श्रोत्यांत जाणकार असतातच.

ज्ञानेश्वरीचा संदर्भ अध्याय-ओवी, दासबोधाचा दशक-समास-ओवी असा द्या. तुकोबांच्या गाथेत अभंगाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून क्रमांकाशेजारी आवृत्ती आणि अभंगाचा पहिला चरण हवाच. डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण मूळ इंग्रजीत आहे. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १३ व्या खंडात ते मिळतं. मराठीतून वाक्य घेतलंत तर अनुवाद कोणाचा तेही नोंदवा, कारण दोन अनुवादांत शब्द वेगळे असतात.

आकडा पेन्सिलीने लिहा आणि वर्षाशिवाय लिहू नका. ‘महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के’ हे अर्धवट झालं. ‘२०११ ची जनगणना’ जोडलं की पुरं.

उत्तर ३
फोन सोडायची गरज नाही, पण पानाचा फोटो नुसता ठेवला तर शोधाला लागेलच असं नाही. फोटोखाली चार शब्द टाइप करा. अंकांची एकच पद्धत ठरवा. ‘२०११’ असं देवनागरीत लिहून ठेवलेलं इंग्रजी अंकांनी (2011) शोधलं तर बऱ्याच ॲपमध्ये हाती लागत नाही.

आणि प्रत्येक कार्ड मोठ्याने वाचून लागलेले सेकंद कोपऱ्यात लिहा. मनात वाचलेलं नेहमी कमी भरतं. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद. चाळीस सेकंदांची पाच कार्डं घेतलीत तर जवळजवळ निम्मं भाषण दुसऱ्यांच्या शब्दांत गेलं. तेवढ्या वेळाला दोन, फार तर तीन.

प्रश्नकर्ता
मग जुन्या वह्या सगळ्या उतरवून काढायच्या का?

उत्तर १
नको, त्यातच उत्साह संपतो. वह्यांच्या पानांना क्रमांक घाला आणि राहू द्या. पुढच्या भाषणासाठी त्यातलं जे लागेल तेवढ्याचंच कार्ड करा, खाली ‘वही २, पान ३१’ असं लिहून.