"मूळचे कुठले?" दोन मुलखांच्या घरातल्यांनो, लिहा

काल कोल्हापुरात महाद्वार रोडवर बांगड्या घेताना दुकानदारांनी माझ्या लेकीला इंग्रजीत भाव सांगितला. ती म्हणाली, "काका, लई महाग लावालाय." ते हसले. मला मात्र घरी येईपर्यंत आजी आठवत राहिली.

आजी पोलंडची. 1940 ला सोव्हिएत सरकारनं तिच्या घरच्यांना सायबेरियात धाडलं, पुढं इराण, मग 1943 ला कोल्हापूरजवळचा वळिवड्याचा निर्वासितांचा कॅम्प. पाचेक हजार पोलिश होते तिथं. 1948 पर्यंत सगळे पांगले, ही आजोबांशी लग्न करून राहिली. भाकरी थापताना पीठ कुठं संपलं आणि तिचा हात कुठं सुरू झाला, मला लहानपणी कळायचं नाही.

माझे डोळे घारे. शाळेत विचारायचे, "कोकणस्थ का गं?" हो म्हटलं की विषय संपायचा. आजी हयात असतानाही मी हो म्हणत आले. त्याचं फार वाईट वाटतं.

राजारामपुरीकर: पप्पा केनियाचे, पुण्यात शिकायला आलेले. आई इथली. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला गेलो की विचारतात, "कुठल्या पेठेच्या टीमनं आणलाय?" मी बँकेत आहे. त्याचं काही नाही, भाड्याच्या खोलीचं मनाला लागतं. फोनवर बोलणं ऐकून "या की बघायला" म्हणतात. दारात बघितलं की खोली कालच गेलेली असते. तीनदा झालं.

पन्हाळकर: तीनदा?? काय सांगालाय दादा! रंकाळ्याकडं आमच्या गल्लीत खोली आहे. मेसेज करा, मालकांशी मी बोलतो.

गांधीनगरवाला: ताई, तो कॅम्प म्हणजे आमचं गाव, आताचं गांधीनगर! फाळणीनंतर आमचे सिंधी आजोबा त्याच बराकीत उतरले. आई मराठा. वंश वेगळा नाही, पण दोन्हीकडच्या आज्ज्या भांडण झालं की मला "त्यांच्यातला" म्हणायच्या.

सूनबाई: गांधीनगरवरून आठवलं, मे मध्ये दिराचं लग्न आहे. बस्त्याला बरं दुकान सांगा.

गांधीनगरवाला: या वहिनी, रविवार सोडून या. गर्दी असते.

इचलकरंजीची मावशी: जावई अमेरिकेतले कृष्णवर्णीय. तिकडं जनगणनेत 2000 पासून एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करता येते, आधी एकच निवडायचा. लेकीनं 2020 ला नातीसाठी दोन्हींवर केली. इकडं आली की जाऊबाई तेल लावून चापून वेण्या घालायला बघतात, केस ऐकत नाहीत, पोर रडते. काय करू?

राजारामपुरीकर: मावशी, कोरडे विंचरू नका. ओल्या केसांना खोबरेल, मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून वर. बहिणीचे केस आईला कळायला पाच वर्षं लागली. पन्हाळकर, मेसेज केलाय.

इचलकरंजीची मावशी: टोकाकडून वर. कंगवा आजच आणते बाळा.