अंड्याचा मेसेज आणि दिवाळीचा रात्रीचा प्रवास (सोसायटीचा गप्पा ग्रुप)

सावंत काकू, बी-304:
[अनेकदा फॉरवर्ड केलेला] सावधान!! रात्री गाडीच्या काचेवर कुणी अंडं फेकलं तर गाडी थांबवू नका, वायपर चालवू नका, पाणी मारू नका. अंडं आणि पाणी मिसळून दूध होतं आणि 92.5 टक्के दिसायचं बंद होतं. मग गाडी थांबवावीच लागते आणि लुटारू झडप घालतात. ही नवीन पद्धत आहे. जनहितार्थ सर्व ग्रुपवर पाठवा 🙏

सावंत काकू, बी-304:
दिवाळीला सगळे गावी निघालेत म्हणून टाकलं.

निखिल, ए-702:
काकू, मी कॉलेजात होतो तेव्हापासून ही पद्धत नवीन आहे 😄 आणि ते साडेब्याण्णव टक्के कुणी मोजले?

सावंत काकू, बी-304:
हस तू. आणि खरंच कुणी मारलं म्हणजे?

निखिल, ए-702:
मारलं तर चिकट थर पसरेल, धूसर दिसेल. काच पांढरीफटक होऊन आंधळं व्हायला होत नाही. वॉशरच्या टाकीत काच धुवायचं लिक्विड घातलेलं असेल तर वायपरच्या काही फेऱ्यांत बऱ्यापैकी निघतं.

पल्लवी, सी-505:
पण निखिल, मेसेजमधलं अंडं सोडून दे. "थांबू नका" एवढं तर बरोबरच आहे ना? मी कोल्हापूरला एकटी जाते-येते, मला तेवढंच कामाचं वाटलं. शिंदे दादा, तुम्ही सांगा. तुमच्या गाड्या रात्रीच चालतात.

जोशी काका, ए-104:
सोपं आहे. कुणी आडवा आला की गाडी सरळ अंगावर घालायची. आणि सीटखाली एक कोयता. बास.

ॲड. गोखले, ए-203:
काका, कोयता अजिबात नको. नाकाबंदीत सापडला तर लुटारू राहतील बाजूला आणि रात्र तुमची चौकीत जाईल. आणि आडवा आलेला माणूस अपघातातला जखमी निघाला तर? अंधारात तुम्हाला कळणार आहे का?

शिंदे (ट्रान्सपोर्ट), सी-101:
जेवत होतो. लांबलचक लिहितो, कंटाळू नका.
आमच्या ट्रकला लुटायची तऱ्हा वेगळी आणि तुमच्या कारला वेगळी. ट्रकमध्ये माल मागे असतो, ड्रायव्हर पुढे. लोड भरलेली गाडी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला रांगते, तेव्हा मागून पोरं चढतात, ताडपत्री फाडतात, बॉक्स खाली टाकतात. ड्रायव्हरला पत्ता घाट संपल्यावर लागतो. धुळे-सोलापूर रोडला येरमाळ्याच्या बाजूला हे जुनं दुखणं आहे. म्हणून तिथं आमच्या गाड्या चार-पाच मिळून लाइन धरून चढतात. मागच्याचा हेडलाइट पुढच्याच्या ताडपत्रीवर राहतो.
कारवर कुणी चढू शकत नाही. ऐंशीच्या स्पीडला चाललेल्या, दारं लॉक असलेल्या कारचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. त्यामुळे तुम्हाला थांबवणं आणि खाली उतरवणं, एवढंच त्याला करायचं असतं. अंडं, दगड, झाडाची फांदी, बाळ घेऊन उभी असलेली बाई, "मागच्या चाकातून धूर निघतोय" म्हणून हात करणारा बाइकवाला, ही सगळी त्याचीच नाटकं. उद्या सतरावं नाटक येईल. नाटकांची यादी पाठ करून उपयोग नाही. माझ्या ड्रायव्हरना मी एकच विचारतो: नाशिकहून निघालास, थांबायच्या जागा कुठल्या? त्या आधीच ठरलेल्या पाहिजेत. पंप, टोलनाका, ट्रक उभे असलेला चालू ढाबा. मधे काहीही झालं तरी गाडी पुढच्या ठरलेल्या जागेपर्यंत जाते.

पल्लवी, सी-505:
आणि टायर फुटला तर?

शिंदे (ट्रान्सपोर्ट), सी-101:
फुटला की पंक्चर झाला? फरक आहे. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा बहुतेक वेळा हळूहळू जाते. स्पीड कमी करून, हॅझर्ड लावून काही किलोमीटर निभतात. टायर अगदी बसला तरी चालण्याच्या वेगाने उजेडापर्यंत नेता येतो. टायर जाईल, रिमही जाईल कदाचित. जाऊ दे.

बोरकर, बी-601:
समृद्धीवर तर दरोडेखोरांनी खिळेच ठोकले होते रस्त्यात! माझ्याकडे व्हिडिओ आहे, टाकतो थांबा. रांगेने गाड्या पंक्चर.

निखिल, ए-702:
बोरकर साहेब, तो सप्टेंबर 2025 चा, छत्रपती संभाजीनगरजवळचा ना? ते दरोडेखोर नव्हते. रस्त्याला बारीक तडे गेले होते, त्यात इपॉक्सी भरायला ॲल्युमिनियमचे नोझल बसवले होते. रात्री काम चालू होतं आणि गाड्या त्यावरून गेल्या. रस्ते विकास महामंडळाने नंतर खुलासा केला. तोवर व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रात फिरून आला होता.

बोरकर, बी-601:
म्हणजे टायर सरकारी कामाने फाटले. हे ऐकून बरं वाटावं का आणखी वाईट, कळत नाही.

शिंदे (ट्रान्सपोर्ट), सी-101:
पण बोरकर साहेबांची भीती हवेतली नाही. हायवेला काही ठिकाणी खिळ्यांचा धंदा आहेच. तो दरोडेखोराचा कमी आणि पंक्चरवाल्याचा जास्त. थोडं पुढे एकच दुकान, रात्रभर उघडं. तिथं टायर खोलला की एकाच्या जागी चार पंक्चर निघतात. तो पाण्यात बुडवून बुडबुडे दाखवत असताना त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा, आरी तिथंच असते.

ॲड. गोखले, ए-203:
खरा प्रकार हवा असेल तर बुलंदशहर आठवा. जुलै 2016. नोएडाहून निघालेलं कुटुंब, रात्रीची वेळ, हायवेवर गाडीला खालून काहीतरी जोरात आदळलं. काय लागलं ते बघायला गाडी थांबवली आणि दबा धरून बसलेले बाहेर आले. पुढे जे झालं ते इथे लिहीत नाही. पुढच्याच वर्षी जेवरला तसंच, टायर पंक्चर करून.
मोठा आवाज आला की ब्रेकवर पाय जातोच, कुणाचाही. म्हणून मी ठरवून टाकलंय: स्टेअरिंग हातात आहे, इंजिन चालू आहे, तापमानाचा काटा ठीक आहे, तर बघायचं ते पंपावर.

सावंत काकू, बी-304:
देवा. हे सगळं यूपीकडचं ना पण?

ॲड. गोखले, ए-203:
नाही काकू. 2025 च्या आषाढी वारीच्या वेळचं दौंडजवळचं विसरलात? पंढरपूरला निघालेलं कुटुंब पहाटे चार-सव्वाचारला चहाला टपरीपाशी थांबलं. बाइकवर दोघं आले, डोळ्यांत मिरचीपूड, कोयत्याचा धाक, दागिने गेले. आणि दागिन्यांपेक्षा फार वाईट घडलं. त्यांना कुणी फसवून थांबवलंही नव्हतं. चहा प्यायचा होता, बस.

पल्लवी, सी-505:
हो. ती बातमी वाचल्यापासून थर्मास नेते.

जोशी काका, ए-104:
अहो, या टोळ्या ठरलेल्या असतात. अमुक जमात, अमुक गाव. माझ्या ओळखीचे एक फौजदार सांगायचे...

ॲड. गोखले, ए-203:
काका, अख्ख्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी 1871 ला आणला आणि तो 1952 मध्ये रद्दही झाला. आपल्या ग्रुपवर अजून लागू असेल तर ॲडमिननी सांगावं. शिवाय तसं धरून चाललात तर नीटनेटक्या शर्टातल्या माणसाला दार उघडाल आणि तिथंच फसाल.

निखिल, ए-702:
+1. सिग्नलवरचे ठकठकवाले बघा ना. एकदम सभ्य. "सर, ऑइल गळतंय" किंवा "साहेब, तुमच्या नोटा पडल्यात." तुम्ही उतरून वाकता, दुसऱ्या बाजूचं दार उघडतं आणि मागच्या सीटवरची लॅपटॉप बॅग गेली. आपल्या पुण्यातही झालेत असे प्रकार. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरने दार उघडलं की चारही लॉक सुटतात. स्वतःच्या गाडीत हे एकदा तपासा, काहींमध्ये सेटिंग बदलता येतं. आणि बॅग डिकीत टाकायची ती घरून निघतानाच. जिथे पार्क करणार तिथे सगळ्यांदेखत नाही.

शिंदे (ट्रान्सपोर्ट), सी-101:
सिग्नलला पुढच्या गाडीला चिकटू पण नका. तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, म्हणजे रिव्हर्स न घेता बाजूने निघता येतं.

बोरकर, बी-601:
आणि ते "कट मारला" वाले? बायपासला दोघं-तिघं बाइकवर येतात, आरशाला हात मारतात, वर म्हणतात तू कट मारलास, बाजूला घे, भरपाई दे.

ॲड. गोखले, ए-203:
काच इंचभर खाली. "चला, पुढच्या चौकीत जाऊ, तिथे देतो." खरंच लागलं असेल तर तो येईल. आणि आवाज चढवून भांडू नका. त्यांना तेच हवं असतं, तुम्ही तावातावाने खाली उतरता.

सावंत काकू, बी-304:
मला ते पोलिसांचं विचारायचं होतं. आमच्या नात्यातल्या एका बाईंना "पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने काढून पुडीत बांधा" म्हणाले. पुडी हातात परत दिली, घरी उघडली तर आत खडे.

ॲड. गोखले, ए-203:
पेपरात त्याला "पोलीस असल्याची बतावणी" म्हणतात, रोज एक तरी बातमी असते. काकू, खरा पोलीस दागिने काढायला सांगत नाही. कधीच नाही. चेकिंगच्या नावाखाली हात लावू द्यायचा नाही, सरळ आरडाओरडा करायचा.
गाडीत असाल तर: बॅरिकेड, गणवेशातले तीन-चार जण, उजेड, म्हणजे नाकाबंदी. तिथे थांबायचंच, दिमाखात निघून जाऊ नका. पण निर्जन रस्त्यावर साध्या कपड्यातला एकटा बॅटरी दाखवतोय, तर हॅझर्ड लावा, वेग कमी ठेवा, 112 ला फोन लावून सांगा की मला अमुक ठिकाणी हात केलाय, मी पुढच्या पंपावर थांबतोय. खरा पोलीस असला तर तुमचा कॉल नोंदलेला राहतो.

पल्लवी, सी-505:
मला खरं सतावतं ते वेगळंच. रस्त्यात बाइक पडलेली, माणूस पडलेला. मी नाही थांबले आणि तो खरंच मेला तर?

जोशी काका, ए-104:
एकट्या मुलीने अजिबात थांबू नये. पूर्णविराम.

शिंदे (ट्रान्सपोर्ट), सी-101:
काका, माझा एक ड्रायव्हर असाच रस्त्यात पडला होता. कुणीतरी थांबलं म्हणून आज चालतोय. त्यामुळे मला पूर्णविराम देता येत नाही.

ॲड. गोखले, ए-203:
पल्लवी, थांबणं आणि मदत करणं एकच नाही. पुढे जाता जाता 108 ला फोन कर, 112 ला कर. किलोमीटरचा दगड आणि कुठल्या दिशेची लेन ते सांग. "लोणावळ्याच्या पुढे कुठेतरी" म्हणालीस तर त्यांना अर्धा तास शोधावं लागतं. आजूबाजूला आधीच दोन-तीन गाड्या थांबल्या असतील, कुटुंबं दिसत असतील, तर थांब की. मदत करणाऱ्याला जबरदस्तीने साक्षीदार करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134-अ कलम त्यासाठीच आणलंय.

निखिल, ए-702:
आणि नॅशनल हायवेला 1033. क्रेनपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत. फास्टॅग आपण न चुकता रिचार्ज करतो, पण हा नंबर कुणाकडे सेव्ह नसतो.
डॅशकॅमचंही बघा. जून 2024 मध्ये कोइंबतूरजवळ बंगळुरूहून कोचीला निघालेल्या कारला रात्री तोंड बांधलेल्या टोळीने तीन गाड्यांनी घेरलं, काचा फोडल्या. ड्रायव्हर उतरला नाही. सापडलेल्या फटीतून गाडी काढली आणि टोलनाका गाठला. सगळं डॅशकॅममध्ये आलं आणि काही जण लगेच पकडले गेले. त्यात एक सैन्यातला जवान निघाला.

बोरकर, बी-601:
पेपर स्प्रे ठेवावा का?

ॲड. गोखले, ए-203:
ठेवायला हरकत नाही. फक्त बंद गाडीत मारू नका, सगळा तुमच्याच डोळ्यांत जाईल. आणि शस्त्र अंगाशी आलंच तर पाकीट, मोबाइल, गाडी, सगळं द्या. रस्त्यावरची जबरी चोरी सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली असेल तर न्याय संहितेच्या 309 कलमात शिक्षा 14 वर्षांपर्यंत जाते, दिवसा 10. कायद्यालासुद्धा रात्रीचा हायवे वेगळा वाटतो, बघा. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर. "हद्द आमची नाही" ऐकून परत फिरू नका.

निखिल, ए-702:
शिंदे दादा, मग माझं सांगा. शुक्रवारी लातूरला निघतोय. आई-बाबा, पोरगी. रात्री दोनला निघून सकाळी पोचायचा विचार होता, ट्रॅफिक नको म्हणून.

शिंदे (ट्रान्सपोर्ट), सी-101:
दोनला नको. दोन ते पाच डोळाही लागतो, लुटारूपेक्षा झोपच आधी गाठेल. पाच-सव्वापाचला निघ. हडपसरचं ट्रॅफिक लागणार नाही आणि भिगवणला उजाडेल. टाकी आदल्या दिवशी फुल कर. आणि मॅप "आठ मिनिटं वाचतील" म्हणून उसातला रस्ता दाखवेल, तो घेऊ नको. आई-बाबांना लघवीला थांबावं लागणार, तर ते पंपावर. झाडामागे नाही.

निखिल, ए-702:
बाबा झाडामागेच थांबवतात दादा, चाळीस वर्षांची सवय आहे.

शिंदे (ट्रान्सपोर्ट), सी-101:
मग बाबांना मागच्या सीटवर मधे बसव 😀

सावंत काकू, बी-304:
म्हणजे अंड्याचा मेसेज खोटा ना शेवटी? डिलीट करू का?

पल्लवी, सी-505:
राहू दे काकू. फक्त त्या साडेब्याण्णव टक्क्यांचं कुणाला सांगू नका.

बोरकर, बी-601:
गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटला लावायचा हवा भरायचा पंप आहे का कुणाकडे? मी गुरुवारी निघतोय, रविवारी परत देईन.

शिंदे (ट्रान्सपोर्ट), सी-101:
माझ्याकडे आहे. खाली येऊन घेऊन जा, पण आधी स्टेपनीत हवा आहे का ते बघा. पार्किंगमध्ये तुमची गाडी दिसते, स्टेपनीचं कव्हर निघालेलं नाही कधी असं वाटतं.