कागदावर स्थिरता उत्तम, मग चार रात्री झोप का नाही?

सेकंडमेट_दापोली: दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेहून कोळसा आणताना आमचं बल्कर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, 16 सेकंदांत एक हेलकावा पुरा करायचं. आता तिथल्याच साल्दान्हा बंदरातून लोहखनिज भरलंय, तर 11 सेकंदांत! चार रात्री कोणाचा डोळा लागलेला नाही. काल 12 ते 4 च्या वॉचला मी लॉगबुकात पोझिशन दोनदा चुकीची लिहिली. जहाज बांधताना आत राहणाऱ्या माणसांचा विचार करतात की नाही?

जुना_चीफ_ऑफिसर: स्थिरता जास्त आहे म्हणूनच हाल आहेत. खनिज जड, होल्डच्या (माल भरायच्या कोठाराच्या) तळाशीच बसतं. गुरुत्वमध्य खाली जातो, जीएम (स्थिरतेचं माप) वाढतो आणि कुशीवर गेलेलं जहाज झटक्यात परत सरळ होतं. तुझेच आकडे घे. कोन तेवढाच राहिला तरी 16 चे 11 सेकंद झाले की हेलकाव्याचा धक्का दुपटीहून वाढतो, आणि ब्रिज (जहाज चालवायची खोली) उंचावर असल्याने तिथे सगळ्यात जास्त.

विचार करतात, पण सगळीकडे नाही. खास खनिजासाठी बांधलेल्या जहाजांत होल्डचा तळच उंच ठेवतात, माल वर बसावा म्हणून. तुमचं जहाज सगळाच माल नेणारं, त्यात ती सोय नाही.

ब्रिजवर एक हात कायम कठड्याला असू दे. सप्टेंबर 2008 मध्ये हाँगकाँगजवळ वादळात 'शिकागो एक्सप्रेस'वर कंटेनर थोडे, जीएम प्रचंड. जहाज 44 अंशांपर्यंत कललं, ब्रिजवरची माणसं फेकली गेली. एक खलाशी गेला, कप्तान गंभीर जखमी झाले. रुंद ब्रिजवर मधे धरायला काही नसणं, याचा मला आजही संताप येतो.

आता घड्याळ लावून बघ, लाट किती सेकंदांनी येतेय? तीही 11 च्या आसपास असेल तर लाट आणि हेलकावा जुळून हेलकावे वाढत जातात; कॅप्टनसाहेबांना सांग.

गॅलीवाले_काका: पोरा, लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सरकव आणि भिंतीला पाठ लावून झोप. कुकला म्हणावं तळण बंद, शेगडीचे आडवे दांडे लाव, पातेलं अर्धंच भर. जेवणाच्या टेबलावर ओलं फडकं अंथरलं की ताटं घसरत नाहीत.

सेकंडमेट_दापोली: मोजलं. 11 ते 12 सेकंद! साहेबांनी कोर्स 25 अंश बदलला, वेगही थोडा उतरवला. वाट लांबली, पण हेलकावे निम्म्यावर आले. काका, जॅकेट लावून सलग पाच तास झोपलो.