मदत हवी आहे : राष्ट्रप्रमुखांच्या कुस्त्यांचे नियम ठरवून द्या

भाच्याला दिवाळीची सुट्टी लागलीय आणि घरात राष्ट्रप्रमुखांचं कुस्तीमैदान भरलंय. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठ नावं लिहून झाली, आखाडा खासबागेचा धरलाय. सध्या खुर्चीवर असलेले कुणी नाहीत (धाग्याचं राजकारण होतं) आणि आपल्याकडचे राजेही नाहीत (घरात शांतता हवी आहे).

पहिलीच जोड लिंकन आणि युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन. दोघंही सहा फूट चार इंच. लिंकन १८३१ साली न्यू सेलमला जॅक आर्मस्ट्राँग नावाच्या गावदादाशी भिडला होता, पण अंगानं काटकुळा. अमीन १९५१ ते १९६० युगांडाचा लाइट हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन. माणूस म्हणून तोंड बघू नये, पण ठोसा तो ठोसाच. कुस्ती लावली तर लिंकन पट काढून चितपट करेल, बॉक्सिंग लावलं तर पहिल्याच फेरीत आडवा. मग नियम कुणाचे?

दुसरी जोड मंगोलियाचा बट्टुल्गा आणि थिओडोर रूझवेल्ट. बट्टुल्गा १९८३ चा साम्बो (रशियन पद्धतीची कुस्ती) जगज्जेता, पुढे २०१७ ते २०२१ राष्ट्राध्यक्ष. भाच्यानं कालपर्यंत नावही ऐकलं नव्हतं, आज तोच लाडका. रूझवेल्ट १९१२ मध्ये छातीत गोळी असताना तासाभराहून जास्त भाषण ठोकणारा गडी. पण व्हाइट हाउसात बॉक्सिंग करताना ठोसा बसून त्याच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. बट्टुल्गा त्याच बाजूनं घुसणार. भाचा म्हणतो, कॉलेजातला रूझवेल्ट धरू. तसं केलं तर त्यानं अध्यक्ष असताना शिकलेला ज्युडो हातचा जातो! वय कुठलं धरावं?

खरी डोकेदुखी पुढे आहे. भाच्यानं मार्व्हल कॉमिक्समधले दोन काल्पनिक राजेही घुसवलेत: मंडेलांसमोर वाकांडाचा टचाला (ब्लॅक पँथर), कॅनडाचे माजी पंतप्रधान ट्रुडोसमोर लाटव्हेरियाचा मुखवटेवाला डॉक्टर डूम. मंडेला हौशी बॉक्सर, ट्रुडोनं २०१२ मध्ये एका सिनेटरला रिंगमध्ये हरवलंय, पण चिलखत आणि जादूपुढे काय करणार? शनिवारी फायनल आहे, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद :
वय ज्याचं त्यानं निवडावं, पण एकदाच. रूझवेल्टला डोळा हवा तर ज्युडो सोडावा. लिंकन-अमीन एक फेरी कुस्ती, एक बॉक्सिंग. बरोबरी झाली तर नाणेफेक. टचालाचं उत्तर २०१८ च्या 'ब्लॅक पँथर' सिनेमातच आहे: गादीसाठी आव्हान आलं की आधी काढा पाजून त्याची शक्ती काढून घेतात. तोच नियम सगळ्यांना लावा. चिलखत, मुखवटा बाहेर.

धागाकर्ता :
मुखवटा काढायचा तर डूम आखाड्यात उतरणारच नाही, चेहरा दिसेल ना! म्हणजे ट्रुडोला पुढे चाल. भाचा रुसलाय.