न्यू जर्सी: लॉनचं बी आत्ता टाकू की सप्टेंबरपर्यंत थांबू?

खोदकाम_सुरू – २२ एप्रिल २०२३

मंडळी, सल्ला हवाय. गेल्या नोव्हेंबरात एडिसनच्या जवळपास घर घेतलं. तेव्हा मागचं अंगण पानांनी झाकलेलं होतं आणि आम्ही स्वयंपाकघर बघून भाळलो होतो. आता पानं काढल्यावर कळलं की चार हजार चौरस फुटांतला हजारेक फूट भाग निव्वळ उघडी लाल माती आहे, उरलेल्यात विरळ गवत. थोडा उतारही आहे.

एक लॉनवाला येऊन बघून गेला. म्हणाला, आत्ताच बी टाकू, आठवडाभरात हिरवंगार. आकडा ऐकून मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. बाबा सध्या सांगलीहून आलेत, त्यांचं मत पेरणी मृगाच्या तोंडावरच. ऑफिसातला एक जण म्हणतो सप्टेंबर. कुणाचं ऐकू? बी कुठलं घेऊ?

हिरवा_कोपरा – २२ एप्रिल २०२३

ऑफिसातल्याचं ऐका. पंधरा वर्षं इथे आहे, पहिली दोन वर्षं एप्रिलमध्ये बी टाकून दोन्ही वर्षं दुबार पेरणी केलीय.

बाबांना असं सांगा की जर्सीचं गवत हे रब्बीचं पीक आहे. इथे लॉनमध्ये टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, पेरेनियल रायग्रास असतं. ही सगळी गव्हाच्या चालीची, थंडीत वाढणारी गवतं. (रब्बी ज्वारीचा मुद्दा कृपया कुणी काढू नये.) ऑगस्टच्या शेवटी माती उन्हाळ्याने तापलेली असते, त्यामुळे बी पटकन रुजतं. पुढे हवा गार होत जाते, त्यामुळे कोवळं रोप होरपळत नाही. बर्फ पडेपर्यंत मुळं धरतात आणि वसंतात तेच रोप पुन्हा जोमाने वाढतं. जुलैचं ऊन येतं तेव्हा ते दहा महिन्यांचं झालेलं असतं.

एप्रिलमध्ये नेमकं उलटं. माती गार, बी रेंगाळतं. उगवतं तेव्हा मे अर्धा सरलेला असतो, आणि मुळं बोटभर खाली जायच्या आत जुलै येतो. रोप मान टाकतं.

दुसरं म्हणजे क्रॅबग्रास. पिवळ्या फुलांचं फोर्सिथियाचं झुडूप झडायला लागलं की हे तण उगवायला लागतं. तुमच्याकडे आत्ता तेच चाललं असेल. तण उगवूच नये म्हणून जे औषध टाकतात, त्यातली बहुतेक तुमचं लॉनचं बीही उगवू देत नाहीत. म्हणजे वसंतात तण रोखा किंवा बी पेरा, दोन्ही साधत नाही. सप्टेंबरमध्ये हा पेचच नाही, कारण क्रॅबग्रास पहिल्या कडक थंडीत आपोआप मरतं.

मध्य जर्सीत ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरअखेर ही उत्तम वेळ. ऑक्टोबरचा पहिला आठवडा ओढूनताणून. लक्षात ठेवायला सोपं: गणपती बसले की बी टाका, दसऱ्याच्या आत उरका.

तिथी_क्षय – २३ एप्रिल २०२३

लक्षात ठेवायचं सूत्र गोड आहे, पण यंदा गोत्यात आणेल. या वर्षी अधिक श्रावण आहे. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आणि दसरा थेट २४ ऑक्टोबरला. दसऱ्याला पेरलंत तर पाडव्याला उगवेल. गवताला अधिक मास कळत नाही, त्यामुळे इंग्रजी तारखाच धरा.

हिरवा_कोपरा – २३ एप्रिल २०२३

हात जोडले!

प्लानोची_वहिनी – २३ एप्रिल २०२३

धागा न्यू जर्सीचा आहे, पण डॅलसच्या बाजूचे लोक वाचत असतील तर त्यांच्यासाठी: आमच्याकडे हे सगळं उलटं. इथलं बर्म्युडा गवत हे खरीप. माती चांगली गरम झाली की, म्हणजे एप्रिलअखेर ते जूनपर्यंत पेरायचं. सप्टेंबरला टाकलंत तर थंडीपर्यंत अंग धरत नाही. हिवाळ्यात ते पिवळं पडतं, मेलं नाही, झोपलंय.

आणि बर्म्युडा म्हणजे कोण माहितीये का? आपली हरळी! दूर्वा! सासरे जन्मभर सोलापूरच्या शेतातून जी खणून काढत होते, तिचं बी मी इथे दुकानातून डॉलर मोजून आणते. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वापसा – २४ एप्रिल २०२३

नाशिकहून लिहितोय, तुमच्या गवताचं ज्ञान शून्य. पण तुमची ती लाल माती ओली असताना खणू नका. मूठ वळून बघा; गोळा होऊन बोटाने दाबल्यावर भुगा झाला तर वापसा आहे. चिकट लगदा राहिला तर दोन दिवस थांबा, नाहीतर वाळल्यावर विटा होतील. हे पीक कुठलंही असो, देश कुठलाही असो.

उतावळा_नवरा – २४ एप्रिल २०२३

वेगळं मत मांडतो. मी एप्रिलमध्ये टाकलं होतं आणि आलं. त्यामुळे 'होतच नाही' असं नाही. रायग्रास जास्त असलेलं मिश्रण होतं, आठव्या दिवशी कोंब. उघडी माती उतारावर पाच महिने ठेवली तर पावसाने वाहून जाईल त्याचं काय?

हिरवा_कोपरा – २४ एप्रिल २०२३

उताराचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्याकडून सुटला. तेवढ्या पट्ट्यात आत्ता रायग्रास टाका, वर पेंढा पसरा. माती धरून ठेवण्यापुरतं, सुंदर दिसण्यासाठी नाही. अख्ख्या अंगणात वसंतातच पेरायचं असेल तर मेसोट्रायोन हे औषध फेस्क्यूच्या बियाला सहसा त्रास देत नाही आणि क्रॅबग्रास रोखतं. पण ऑगस्टपर्यंत रोज पाणी घालावं लागेल. पाण्याचं बिल किती आलं होतं, सांगा ना?

उतावळा_नवरा – २४ एप्रिल २०२३

बायको हा धागा वाचते. पास.

खोदकाम_सुरू – २५ एप्रिल २०२३

ठरलं, सप्टेंबर. मधल्या काळात काय करू? आणि बी किती लागेल?

हिरवा_कोपरा – २५ एप्रिल २०२३

माती तपासून घ्या, रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे. आपल्याकडची माती बहुतेक आंबट निघते, चुना घालावा लागतो आणि तो मुरायला महिने लागतात. म्हणून हे काम आत्ताच.

ऊन भरपूर असेल तर टॉल फेस्क्यू. उघड्या मातीवर हजार चौरस फुटांना सहा ते आठ पौंड, विरळ गवतात त्याच्या निम्मं. जास्त टाकलं की जास्त दाट होतं हा गैरसमज आहे, रोपं एकमेकांना खातात. पिशवीच्या मागची चिठ्ठी वाचा. 'अॅन्युअल रायग्रास' दिसलं तर पिशवी परत ठेवा, ते एका वर्षाचं पाहुणं. केंटकी ब्लूग्रास असेल तर धीर धरा, दोन ते चार आठवडे काहीच दिसत नाही आणि माणूस उगाच खचतो.

बी मातीला चिकटलं पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या गवतावर नुसतं भिरकावलंत तर ती पक्ष्यांची मेजवानी. आधी गवत खुरटं कापा, मातीत भोकं पाडणारं मशीन एका दिवसासाठी भाड्याने आणा, बी टाका, दाताळ्याने हलकं ओढा. मग दिवसातून दोन-तीनदा थोडंथोडं पाणी, वरचा थर सुकू द्यायचा नाही. कोंब आले की वेळा कमी करून खोल पाणी द्या.

खोदकाम_सुरू – १५ ऑक्टोबर २०२३

हिशेब द्यायला आलोय. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आठवड्यात असा उकाडा होता की बी टाकायचं धाडस झालं नाही. ९ सप्टेंबरच्या शनिवारी टाकलं. दहाव्या दिवशी, म्हणजे नेमकं गणपतीच्या दिवशी, हिरवी लव दिसली. पूजा सोडून मी बाहेर. मग २३ तारखेला ओफेलिया वादळाचा पाऊस आला. सपाट भागाचं काही बिघडलं नाही, उताराचा खालचा कोपरा मात्र वाहून गेला, कारण तिथे मी पेंढा कमी टाकला होता. तेवढं पुन्हा पेरलं. परवा पहिली कापणी केली, तीन इंचांच्या वर ठेवून.

आता शेजारच्या मेपलची पानं धो धो पडताहेत. कोवळ्या गवतावर दाताळं चालवू का?

हिरवा_कोपरा – १५ ऑक्टोबर २०२३

नको, उपटून येईल. पानं उडवणारा ब्लोअर वापरा, कमी वेगावर, कोरड्या दिवशी. आणि पानं साठू देऊ नका, ओल्या पानांखाली कोवळं गवत आठवड्यात कुजतं. खत घालायचं राहिलं असेल तर १५ नोव्हेंबरच्या आत, त्यानंतर १ मार्चपर्यंत जर्सीत घरमालकांना कायद्यानेच बंदी आहे.